एकशे बाराव्या पानापर्यंत

पुस्तक न वाचता पुस्तकाबद्दल बोलणारी माणसं वर्ना कोस्केलाला मुळीच खपत नसत. सूप अळणी झालं तर ती चालवून घेई, नवऱ्याने बर्फाचे बूट घालून स्वयंपाकघरभर चिखल केला तरी एखाद वेळी सोडून देई, पण "ते पुस्तक ना? काही खास नाही म्हणे," असं कोणी म्हणालं की बाईचं डोकंच फिरायचं. "म्हणे? कोण म्हणे? तुम्ही वाचलंत का? शेवटपर्यंत वाचलंत?" गावच्या महापौरांना तिने एकदा किराणा दुकानाच्या रांगेत असं झापलं होतं, आणि तो बिचारा सहा फुटी माणूस हातातली अंडी सांभाळत "नाही वाचलं, बाई" म्हणून मोकळा झाला होता.

अशी ही बाई. आणि हे तिच्याच हातून घडावं!

टॅमरॅक हे खाणीचं गाव. लाल माती, लाल धूळ, वर्षातले सहा महिने बर्फ. त्या गावच्या लायब्ररीत वर्ना एकतीस वर्षं होती आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांचं दालन तिच्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे अक्षरशः ताब्यात. कुठलं पोर काय वाचतं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाचे हातमोजे ओले आहेत, सगळं तिला ठाऊक. मुलं शाळेतून बर्फ तुडवत यायची, आणि वर्ना एकेकाचे हातमोजे ओढून खिडकीखालच्या हीटरवर ओळीने वाळत घालायची. दालनाला त्या ओल्या लोकरीचा वास कायमचा लागला होता. "मिस वर्ना, वास येतो," असं कोणी म्हणालं की ती म्हणायची, "मग उद्यापासून गार हातांनी वाच."

दर शुक्रवारी चार वाजता तिथे मुलांचं वाचनमंडळ भरे. जादूच्या, चेटकाच्या, खून-तपासाच्या कादंबऱ्या. मंडळाचा नियम एकच होता आणि तो एका मोडक्या हिरव्या खुर्चीत ठेवलेला होता. ज्याने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही, त्याने येऊन त्या खुर्चीत बसायचं आणि तासभर तोंड उघडायचं नाही. ऐकायचं, खायचं, पण बोलायचं नाही. खुर्चीचा एक पाय आखूड होता, बसलेलं पोर डुगडुगायचं, बाकीची खिदळायची. शिक्षा कसली, गंमतच; पण नियम म्हणजे नियम. पूर आला म्हणून अर्धं पुस्तक भिजलेल्या मुलालाही वर्नाने एकदा त्यात बसवलं होतं.

टिल्डा ग्राहेक पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची होती. मंडळात बसायचं वय नव्हतं तिचं. पण आई ओल्गा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सहापर्यंत अडकलेली, बाप कुठे होता ते कोणी विचारत नसे, तेव्हा वर्नाने तिला आत घेतलं. पहिल्याच शुक्रवारी पोरगी मोठ्या ऐटीत म्हणाली, "खून माळ्याने केलाय. मला साठाव्या पानावरच कळलं. पुढचं वाचलंच नाही मी."

"साठाव्या पानावर?" वर्ना म्हणाली. "वा गं शहाणे! मग लेखकाने पुढची दोनशे पानं काय झक मारायला लिहिली? ऊठ. हिरव्या खुर्चीत."

टिल्डाचा ओठ थरथरला, पण रडली नाही. तासभर डुगडुगत बसली. पुढच्या शुक्रवारी आली ती थेट वर्नाच्या टेबलापाशी. "मिस वर्ना, माळी नव्हता."

"नव्हता ना?"

"नव्हता. मी त्याला उगाच आठ दिवस खुनी म्हणत होते."

"मग त्याची माफी माग."

आणि खरंच, त्या वेड्या पोरीने पुस्तक उघडून त्यातल्या माळ्याची माफी मागितली. वर्नाला इतकं हसू आलं होतं की तिला आत जाऊन डोळे पुसावे लागले. त्यानंतर सात वर्षं टिल्डा त्या दालनात वाढली म्हटलं तरी चालेल. तिचे हातमोजे नेहमी हीटरच्या उजव्या कोपऱ्यात असायचे, कारण तो कोपरा सगळ्यांत गरम. अठराव्या वर्षी ती मोठ्या शहरात, मिनियापोलिसला गेली. पहिली दोन वर्षं नाताळला कार्ड आलं, मग तेही थांबलं. तरुण पोरं जातात आणि विसरतात; वर्नाने मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं ती म्हणायची.

टिल्डा गेली त्याच्या पुढच्या वर्षी वर्ना परीक्षणं लिहू लागली.

देशभरच्या ग्रंथपालांसाठी निघणारं एक मासिक होतं. त्यात नव्या पुस्तकांची परीक्षणं येत, पुस्तक बाजारात यायच्या दोन-तीन महिने आधी. एकशे ऐंशी शब्द, खाली सही नाही. परीक्षण कोणी लिहिलं हे कोणाला कळता कामा नये, आणि लिहिणाऱ्यानेही बाहेर बोलायचं नाही, अशी शपथच होती म्हणा ना. पुस्तक अपूर्व वाटलं तर नावाच्या आधी एक छोटी चांदणी छापली जाई. चांदणी मिळालेलं पुस्तक गावोगावच्या लायब्रऱ्या डोळे मिटून मागवत. ज्याच्याबद्दल वाईट लिहून येई ते कोणी मागवत नसे. पाच-पाच वर्षं घासून लिहिलेल्या पुस्तकाचं नशीब त्या बोटभर मजकुरावर ठरायचं.

वर्नाकडे मुलांची जादूची आणि रहस्याची पुस्तकं येत. घरी यायची, टपालाने, कच्च्या प्रती. मऊ पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर 'असंशोधित, विक्रीसाठी नाही' असा शिक्का, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन, आणि अर्पणपत्रिकेच्या पानावर नुसतं 'नंतर येईल'. गावात हे फक्त तिच्या नवऱ्याला, आर्वोला माहीत होतं. खाणीतून निवृत्त झालेला माणूस; तो त्या प्रतींना 'तुझी मुकी पोरं' म्हणायचा.

सुरुवातीची चार-पाच वर्षं वर्नाने काय जीव ओतला! एकेक पुस्तक दोनदा वाचायची. वाईट पुस्तकातही एखादा चांगला परिच्छेद शोधून त्याचा उल्लेख करायची. पण आठ वर्षांत साडेतीनशे पुस्तकं म्हणजे काय चेष्टा आहे? साडेतीनशे अनाथ मुली, सगळ्यांच्या अंगात दडलेली शक्ती. सगळ्यांना हिरव्या डोळ्यांचा एक रागीट मुलगा भेटणार. खून झाला की प्रेमळ माणूसच खुनी निघणार. हळूहळू तिला पहिल्या वीस पानांतच पुढचं दिसायला लागलं, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघे. त्याची तिला घमेंड चढली. हो, घमेंडच, दुसरा शब्द कशाला शोधायचा? संपादक ग्लेंडा प्रुइट फोनवर म्हणायची, "काय धार आहे गं तुझ्या लेखणीला! ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवतो आम्ही." वर्ना वरवर "छे, काहीतरीच" म्हणायची आणि पुढच्या परीक्षणात आणखी थोडी धार लावायची.

ऑक्टोबरमध्ये एकदम अकरा प्रती आल्या. त्यातली दहावी, 'बुडालेल्या गावची घंटा'. लेखक टी. जी. लॉरिन, पहिलंच पुस्तक. तळ्याच्या तळाशी एक गाव आहे. काठावरच्या गावात कोणी खोटं बोललं की ती बुडालेली घंटा आपोआप वाजते. घंटा राखणाऱ्याचा खून होतो, आणि इबी नावाची पोरगी खुनी शोधायला निघते. पुन्हा एकदा अनाथ. वर्ना गुरुवारी दुपारी वाचायला बसली ती मुळात कावलेलीच. परीक्षण सोमवारी हवं होतं आणि अकरावं पुस्तक पाचशे पानांचं होतं.

पुस्तकात काठावरच्या गावच्या दप्तरखान्यातली एक म्हातारी होती, हेल्मा नावाची. जिभेची तिखट. शंभराव्या पानाच्या पुढे इबी पाण्यातून भिजून येते, तेव्हा ही हेल्मा तिचे हातमोजे काढून भट्टीजवळ वाळत घालते.

वर्ना एकदम मोठ्याने हसली. "आर्वो, सापडली!"

"कोण?" आर्वो पलीकडे बुटाला मेण लावत होता.

"खुनी. ही म्हातारी. हातमोजे वाळवतेय, लबाड! इतकी माया दाखवली की समजायचं, हिनेच केलाय."

"पान कितवं?"

"एकशे बारा."

"आणि एकूण?"

"तीनशे अडतीस. गप रे तू."

तिने खूण म्हणून पान दुमडलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. उरलेलं शनिवारी वाचू म्हणाली. शनिवारी अकरावं पुस्तक हातात घेतलं, रविवारी बहीण जेवायला आली, आणि सोमवारी सकाळी वर्ना कोस्केलाने कॉफीचा कप शेजारी ठेवून एकशे ऐंशी शब्द लिहून टाकले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

ते शब्द असे होते: 'शिळ्या कढीला आणलेला ऊत. लेखकाला भाषा बरी येते, पण रहस्य रचता येत नाही. अनुभवी वाचकाला गुन्हेगार पहिल्या शंभर-सव्वाशे पानांतच कळतो. उरलेलं पुस्तक म्हणजे त्याने आपला अंदाज खरा ठरण्याची पाहिलेली वाट. ज्या ग्रंथालयांकडे या प्रकारातलं बाकी सगळं आहे, त्यांनीच घ्यावं.' असंच आणखी थोडं. परीक्षणासोबत एक फॉर्म जायचा. त्यात एक ओळ होती, 'मी संपूर्ण पुस्तक वाचलं आहे.' पुढे चौकट. वर्नाने चौकटीत खूण केली. आठ वर्षं करत होती, हाताला सवयच होती.

जानेवारीत छापून आलं. ग्लेंडाचा फोन आला, "शिळी कढी! अगं, हसून हसून मेलो." वर्ना ते विसरूनही गेली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लायब्ररीत फोन वाजला.

"मिस वर्ना? ओळखा पाहू कोण बोलतंय."

"टिल्डा!" वर्नाला क्षणही लागला नाही. "अगं कार्टे, जिवंत आहेस होय? मला वाटलं, त्या मिनियापोलिसने गिळलं तुला!"

"जिवंत आहे. आणि मिस वर्ना, माझं पुस्तक आलंय! मी सांगितलं नव्हतं कोणाला. आईलाही नाही. म्हटलं, छापून हातात आलं की तुम्हाला येऊन द्यायचं. पुढच्या शुक्रवारी येऊ का मंडळात? पोरांसाठी प्रतींचा खोका पाठवलाय मी, उद्या-परवा मिळेल."

"ये की! विचारतेस काय? नाव काय पुस्तकाचं?"

"बुडालेल्या गावची घंटा. माझं नाव बदललंय बरं का त्यावर. प्रकाशक म्हणाले, ग्राहेक कोणाला उच्चारता येत नाही."

वर्ना टेबलाला धरून खाली बसली. पलीकडून टिल्डा बोलतच होती. "तसं फार चाललं नाही हो. आमच्या धंद्यात एक मासिक असतं, तुम्ही बघत असाल, लायब्ररीत येत असणार. त्यात कोणीतरी फार वाईट लिहिलं. नाव नसतं त्यांचं. मग लायब्रऱ्यांनी मागवलंच नाही. दुसरा भाग मी अर्धा लिहिलाय, पण प्रकाशकांनी कळवलं, नको म्हणून. आठवडाभर रडले मी. जाऊ दे. मला तुमचं मत हवंय, मिस वर्ना. बाकीचे गेले खड्ड्यात."

"हो," वर्ना म्हणाली. "हो गं."

दुसऱ्या दिवशी खोका आला. वर्नाने तो मागच्या खोलीत नेला, दार लावलं आणि वरची प्रत काढली. चांगलं जाड कव्हर होतं, तळ्याचं निळं चित्र. आता अर्पणपत्रिकेचं पान रिकामं नव्हतं. त्यावर छापलं होतं:

'वी. के. यांना. शेवटचं पान वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. आणि हातमोज्यांसाठी.'

तिने एकशे बारावं पान काढलं आणि उभ्यानेच पुढे वाचायला लागली. हेल्मा खुनी नव्हती. सगळं गाव तिला खुनी म्हणतं, इबीसुद्धा म्हणते, कारण तसे पुरावेच एकामागून एक मांडलेले, वाचणाराही म्हणतो. म्हातारी एक शब्द बोलत नाही. खरं बोलली तर पोरीवर बालंट येईल म्हणून ती गुन्हा कबूल करते, आणि ती कबुली देते तेव्हा तळ्याखालची घंटा वाजते. गाव ऐकतं, आणि तरी तिला घेऊन जातात. खुनी दुसराच कोणी निघतो, तीनशे दहाव्या पानावर, आणि तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. शेवटच्या पानावर इबी दप्तरखान्याच्या भट्टीजवळ आपले हातमोजे वाळत घालते, एकटी.

काय पुस्तक होतं! वर्नाने साडेतीनशे पुस्तकं तोलली होती आणि त्यात असं एकही नव्हतं. चांदणीचं पुस्तक होतं ते. पोरीने सापळा लावला होता, अगदी वर्नासारख्या शहाण्यांसाठी. आणि त्या सापळ्यात सगळ्यांत आधी पाय घातला तो वर्नानेच. बाईला हुंदका फुटला नाही, काही नाही.

तिने ग्लेंडाला फोन लावला. "ते घंटेचं पुस्तक आठवतं? माझं परीक्षण चुकलंय. दुरुस्ती छापायची."

"काय चुकलं? लेखकाचं नाव? पानांची संख्या?"

"मत चुकलं."

ग्लेंडा हसली. "अगं वर्ना, नाव चुकलं, पानं चुकली, तर आम्ही दुरुस्ती छापतो. मत चुकलं म्हणून दुरुस्ती छापायला लागलो, तर मासिकात दुसरं काय राहील?"

"मी पूर्ण वाचलं नव्हतं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ग्लेंडा म्हणाली, "तू चौकटीत खूण केली होतीस. हे वाक्य मी ऐकलेलं नाही. आणि तू कोणाकडे बोलणार नाहीस. त्या लेखिकेकडे तर मुळीच नाही. पुढच्या महिन्याच्या प्रती निघाल्यात तुझ्याकडे." फोन बंद.

आर्वोने संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं. "कोणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"तुला. ग्लेंडाला."

"मी कोणाला सांगत नाही. ती सांगणार नाही. मग सोड ना. पोरगी एवढ्या लांबून आनंदाने येतेय, तिच्या डोक्यात कशाला घालतेस? तुझं मन हलकं करायला तिचं जड करायचं? पुस्तक आवडलं म्हणून सांग. खोटं थोडंच आहे ते?"

नवऱ्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. वर्नाने आठ दिवस तेच घोकलं. आवडलं म्हणून सांगायचं, मिठी मारायची, अर्पणपत्रिकेबद्दल दोन आसवं गाळायची, झालं. शुक्रवारी सकाळपर्यंत तिचं तेच ठरलं होतं.

शुक्रवारी मे महिना असूनही बर्फ भुरभुरलं. नऊ मुलं आली, सगळ्यांनी खोक्यातल्या प्रती वाचलेल्या. ओल्गा ग्राहेक धुलाईखान्यातून सुट्टी घेऊन आली होती, नवा स्वेटर घालून, हातात अक्रोडाच्या पोतित्साचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावाचा, ताटाएवढा रोल. ती वर्नाच्या कानाशी लागून म्हणाली, "माझ्या पोरीला तुम्हीच वाढवलंत. मी नुसती चादरी धूत राहिले." वर्नाने तो रोल घेऊन टेबलावर ठेवला.

टिल्डा आली. सत्तावीस वर्षांची बाई, पण चाल तीच, खांदे पुढे काढून चालायची. वर्नाच्या गळ्यात पडली. "वाचलंत?"

"वाचलं. टिल्डा, फार मोठं पुस्तक लिहिलंस तू."

टिल्डाचा चेहरा असा फुलला की बघवत नव्हतं. "शेवटपर्यंत?" तिने डोळे मिचकावून विचारलं.

"शेवटपर्यंत," वर्ना म्हणाली. ते खरंच होतं, आता.

टिल्डाने थोडं वाचून दाखवलं, मग मुलांचे प्रश्न सुरू झाले. ब्रिन नावाची एक चष्मेवाली, बोलायला फटकळ मुलगी म्हणाली, "मला तर वाटलं हेल्माच. शंभराव्या पानापासून वाटत होतं. हातमोजे वाळवले तिथे तर खात्रीच झाली."

"सगळ्यांनाच वाटतं," टिल्डा म्हणाली. "मी मुद्दाम तसं लिहिलंय. गंमत माहितीये? एका मासिकात आलं होतं, खुनी शंभर पानांतच कळतो म्हणून! म्हणजे ज्याने कोणी लिहिलं, त्याने शंभर पानंच वाचली. सरळ आहे. पुढे वाचलं असतं तर असं लिहिलंच नसतं."

"असं करतात?" ब्रिनने डोळे मोठे केले. "मोठी माणसं?"

"करतात ना. शितावरून भाताची परीक्षा! आणि नाव सांगायची हिंमत नाही. मिस वर्ना तिथे असत्या तर त्याला हिरव्या खुर्चीत बसवलं असतं. हो ना, मिस वर्ना?"

मुलं खिदळली. ओल्गाही हसली. वर्ना उठली, कोपऱ्यात गेली आणि हिरव्या खुर्चीत बसली. खुर्ची डुगडुगली. मुलं आणखी मोठ्याने हसली, आणि टिल्डा म्हणाली, "अय्या, तुम्ही कशाला? तुम्ही तर शेवटपर्यंत वाचलंय ना!"

"मागच्या आठवड्यात वाचलं," वर्ना म्हणाली. "लिहिलं तेव्हा वाचलं नव्हतं."

"काय लिहिलं तेव्हा?"

"शिळ्या कढीला ऊत."

हे शब्द फक्त मासिकात होते, आणि टिल्डाला ते पाठ असणार. तिचं हसू तोंडावरून जायला वेळ लागला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. ब्रिनला आधी कळलं. तिने चष्मा काढून हातात घेतला.

"तुम्ही?" टिल्डा म्हणाली.

"मी. तुझं नाव नव्हतं त्यावर, अर्पणपत्रिका नव्हती. पण ते काही कारण नव्हे. तिथे कोणाचंही नाव असतं तरी मी वाचायलाच हवं होतं."

"किती पानं वाचलीत?"

"एकशे बारा."

टिल्डाने डोळ्यांनीच हिशेब केला. आपल्या पुस्तकाचं पान न् पान तिला ठाऊक होतं. "म्हणजे हातमोजे वाचलेत तुम्ही."

"हो."

"हातमोजे वाचले, आणि..." तिने वाक्य सोडून दिलं. तिचा ओठ थरथरला, अकराव्या वर्षी थरथरला होता तसाच. या खेपेलाही ती रडली नाही.

"टिल्डा, पोरी, मी..."

"मिस वर्ना," टिल्डा शांतपणे म्हणाली, "त्या खुर्चीत बसलं की बोलायचं नसतं."

वर्ना गप्प बसली. ओल्गाने तोपर्यंत सुरी हातात तशीच धरली होती. आता तिने पोतित्साच्या चकत्या कापायला सुरुवात केली, जरा जास्तच जोराने. "खाऊन घ्या रे पोरांनो," ती म्हणाली. "घरी परत नेणार नाहीये मी." तिने सगळ्यांना दिलं. हिरव्या खुर्चीकडे ती गेली नाही.

मग सह्या. मुलं आपापल्या प्रती घेऊन टेबलापुढे रांगेत उभी राहिली. टिल्डा प्रत्येकाला नाव विचारून लिहीत होती, हसत होती, ब्रिनचा हात तिने दोन्ही हातांत घेऊन दाबला. वर्ना खुर्चीतून उठली. तिने खोक्यातली प्रत उचलली, मागच्या खोलीत उभ्याने वाचलेली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, टेबलापाशी पोचले की ही काहीतरी बोलेल. शिव्या घालेल. शिव्यांची तिची तयारी होती.

एकेक मूल बाजूला झालं. वर्नाने पुस्तक टेबलावर ठेवलं, अर्पणपत्रिकेचं पान उघडून. टिल्डाने ते पान उलटलं, पुस्तकाच्या नावाचं पान काढलं आणि पेन टेकवलं.

"नाव काय लिहू?" तिने विचारलं.

सोळा वर्षांची ओळख. वर्नाला आधी कळलंच नाही, ही कोणाला विचारतेय.

"वर्ना," ती म्हणाली. "वर्ना कोस्केला."

टिल्डाने लिहिलं, 'वर्ना कोस्केला यांना, वाचनासाठी शुभेच्छा', सगळ्या मुलांना लिहिलं होतं तेच. खाली सही केली, टी. जी. लॉरिन. शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घातली, पुस्तक मिटलं आणि समोर सरकवलं.

"पुढचं कोण?" ती म्हणाली.

वर्नाच्या मागे कोणीही नव्हतं.